बहुमतानं ठरलेली चोर

तिसऱ्या चिठ्ठीला माझं नाव निघालं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, कुणीतरी खोडी काढलेली दिसते. चौथ्या चिठ्ठीलाही माझंच नाव. पाचवीला सुहास पाटणेचं नाव निघालं आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला, कारण सुहास आमचा मॉनिटर आणि त्याचे वडील संस्थेचे सचिव. त्यानंतर मात्र ओळीनं दिलशाद, दिलशाद, दिलशाद. मगदूम सर चिठ्ठी उलगडायचे, वाचायचे आणि फळ्यावर माझ्या नावापुढं रेघ मारायचे. चार उभ्या, एक आडवी, अशा जुड्या वाढत चालल्या. सरांचा आवाज बारीक होत गेला. शेवटच्या चिठ्ठ्या तर त्यांनी मोठ्यानं वाचल्याच नाहीत, नुसत्या रेघा मारत राहिले.

नववीच्या वर्गाची ती निवडणूक होती आणि निवडायचा होता चोर. असली निवडणूक तुम्ही कुठं बघितली नसेल, म्हणून ती कशी लागली ते आधी सांगते.

आमच्या हायस्कूलला एक पितळी घंटा होती. कुण्या दात्यानं दिलेली, चांगली जाडजूड, वाजली की ओढ्यापलीकडच्या वस्तीवर ऐकू जायची. शाळेला शिपाई एकच, धोंडीराममामा, आणि ते निम्मा दिवस संस्थेच्या लोकांच्या घरची कामं करायचे. म्हणून घंटेची पाळी असायची. आठवड्याला एक वर्ग. त्या वर्गातल्या पोरांनी रोज एकेकानं घंटा वाजवायची, आणि संध्याकाळी ती आकड्यावरनं उतरवून ऑफिसात नेऊन ठेवायची, कारण रात्री बाहेर राहिली तर जाईल अशी सगळ्यांना धास्ती.

त्या शुक्रवारी पाळी नववीची आणि नंबर माझा. मी घंटा उतरवली, दोन्ही हातांनी उचलून ऑफिसात नेली आणि खिडकीखालच्या स्टुलावर ठेवली. आत संस्थेची मीटिंग चालली होती. सात-आठ माणसं चहा पीत बसलेली, क्लार्क रजेवर, धोंडीराममामा बशा गोळा करत होते. माझ्याकडं कुणी मान वर करून बघितलं नाही. मी दप्तर उचललं आणि घरी आले.

शनिवारी सकाळची शाळा. बघतात तर स्टुलावर घंटा नाही.

आता पितळ म्हटलं की गावाच्या डोळ्यांपुढं कोण येणार? आमचे अब्बा. आम्ही नदाफ, पूर्वी अब्बा गावोगाव कापूस पिंजायचे. पण कारखान्याच्या गाद्या यायला लागल्या आणि पिंजणीचा धंदा बसला. मग त्यांनी जुनी एम-एटी गाडी घेतली, मागं पोती बांधली आणि भंगार गोळा करायला लागले. घंटा गेल्याची बातमी वर्गात आली तसे सगळे डोळे माझ्याकडं वळले. कुणी काही बोललं नाही. नुसतं बघत होते, आणि मी कुणाकडं बघितलं की मान खाली घालत होते.

पहिल्याच तासाला मुख्याध्यापक इंगवले सर स्वतः आले. त्यांनी सांगितलं की पाळी तुमच्या वर्गाची होती, म्हणजे चोर तुमच्यातच आहे. शाळा सुटायच्या आत नाव मिळालं नाही तर अख्ख्या वर्गाची सहल रद्द. आमची सहल पन्हाळ्याला जाणार होती आणि पोरं महिनाभर नुसती तिच्या गप्पा मारत होती. घंटेपेक्षा सहल मोठी, हे काय सांगायला पाहिजे?

आता मगदूम सरांबद्दल सांगते. सर आमचे वर्गशिक्षक, इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचे. तरणे, चिकोडीकडचे, शिक्षणसेवक म्हणून नुकतेच लागलेले. आधीचे सर नागरिकशास्त्र म्हणजे प्रश्नोत्तरं लिहून द्यायचे. हे सर आले आणि त्यांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला वर चीर पाडून मतपेटी केली. मग काय, जे ते मतानं. खिडकीशी कुणी बसायचं, मतदान. झाड कुठलं लावायचं, मतदान. केर काढायला मुलगेही पाहिजेत का, मतदान, आणि मुली जास्त असल्यामुळं ते पासही झालं. सर म्हणायचे, ह्या वर्गात राजा नाही. आम्हाला भारी वाटायचं. घरात आमचं कोण ऐकत होतं?

इंगवले सर सहल रद्द म्हणाले आणि सुहास उठून उभा राहिला.

"सर, तुम्हीच सांगता ना, वर्गाचं सगळं मतानं ठरतं," तो मगदूम सरांना म्हणाला. "मग हेही मतानंच ठरवू. ज्याला ज्याचा संशय आहे त्यानं त्याचं नाव लिहायचं."

मगदूम सर गडबडले. चोर असा मतानं कसा, असं काहीतरी ते पुटपुटले. पण इंगवले सरांना कल्पना एकदम पसंत पडली. लोकशाहीच आहे की मगदूम, तुमचीच, असं म्हणून ते खुर्ची ओढून बसले. वर्ग लागला ओरडायला, मतदान, मतदान. सरांनी डबा काढला. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. स्वतःच बांधलेल्या गाठीत स्वतःचं बोट अडकावं, तसं झालं होतं त्यांचं.

नियम एकच, नाव वर्गातल्याच मुलाचं किंवा मुलीचं पाहिजे. म्हणजे बघा, घंटा ठेवली ऑफिसात. ऑफिसात धोंडीराममामा होते, मीटिंगची माणसं होती, सचिव पाटणे होते, ऑफिसची दुसरी किल्ली इंगवले सरांकडं होती. पण उमेदवार फक्त आम्ही. हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही. कुणाचं नाव लिहावं कळेना, म्हणून मी कोऱ्या कागदाची घडी करून डब्यात टाकली.

निकाल तुम्हाला सांगितलाच. इंगवले सरांनी फळ्याकडं बोट केलं आणि बहुमत स्पष्ट आहे म्हणाले. सोमवारी वडिलांना घेऊन यायचं. घंटा आणून दिली तर ठीक, नाहीतर दाखला घेऊन जायचं. सहल मात्र होणार. सहल होणार म्हटल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी बाकावर बसून होते आणि टाळ्या माझ्या दोन्ही कानांवर पडत होत्या.

घरी जाताना वैजयंता कोळेकर बरोबर होती. पाचवीपासून आम्ही एका बाकावर बसत होतो. तिच्या डब्यातली भाकरी मी खायची, ईदला माझ्या डब्यातला शिरखुर्मा तिनं. मला तेवढंच विचारायचं होतं, बाकीच्यांचं मला काही नव्हतं.

"वैजू, तू कुणाचं नाव लिवलंस?"

ती रस्त्याकडं बघत चालत राहिली. मग म्हणाली, "मत गुप्त असतंय. सरांनीच सांगितलंय, कुणी विचारलं तरी सांगायचं न्हाई."

पुढं चिंचेपाशी आमच्या वाटा फुटायच्या. ती तिच्या वाटेनं गेली. आणि मला वाटायला लागलं की तिनंही लिहिलं असणार. मग वाटलं, नसेल लिहिलं. मग वाटलं, लिहिलं नसतं तर सांगितलं नसतं का? चार पावलं टाकायची आणि उलटं वाटायचं. गाव माझ्यावर संशय घेत होतं आणि मी गावावर. त्या दिवशी किराणावाले काका माझ्याकडं बघून हसले, तरी मला त्यात काहीतरी दिसलं.

आमच्या घरात शाळा हा आधीच अवघड विषय होता. मोठ्या बहिणीला, नसीमला, सातवीतनं काढलं होतं. इचलकरंजीला फुफी, म्हणजे अब्बांची बहीण होती, तिच्याकडं मुली मागावर सुताच्या कांड्या भरायला जायच्या आणि तिथूनच त्यांची लग्नं व्हायची. अम्मी माझ्याबद्दलही दर सुट्टीत तेच म्हणायची. अब्बा म्हणायचे, दहावी होऊ दे. एवढ्या एका वाक्यावर माझी शाळा टिकली होती. दाखला हातात पडला असता तर दुसरी शाळा मिरजेत, आणि मिरजेला रोज पोरीला कोण पाठवतंय? सरळ इचलकरंजी.

अब्बा अंगणात बसून तारेवरचं रबर सोलत होते. भिंतीशी पोती उभी होती. अब्बा सकाळीच एक खेप मिरजेला घालून आले होते, हे मला माहीत होतं. माझी नजर पोत्यांवर गेली. घंटा कुणी अब्बांनाच आणून विकली असेल तर, असा विचार मनात आला, खोटं कशाला बोलू. रात्रभर हा विचार घेऊन झोपणं मला जमलं नसतं. मी सगळं सांगून टाकलं, मतदानापासून दाखल्यापर्यंत, आणि त्यांच्यासमोर बसून विचारलं.

"अब्बा, घंटा तुमच्याकडं आली का?"

अम्मी चुलीपाशी होती, ती तिथूनच मला बोलायला लागली, बापाला असं विचारतात का म्हणून. अब्बांनी तिला हातानं थांबवलं.

"न्हाई आली बेटा. आली असती तर आणणाऱ्याला घेऊनच शाळेत गेलो असतो." मग थोडा वेळ ते तार सोलत राहिले. "विचारलंस ते बरं केलंस. सकाळपासनं तिघं येऊन गेले. पोत्यांकडं बघून गेले. विचारलं कुणीच न्हाई."

मग त्यांनी मला साफ सांगितलं की ते शाळेत भांडणार नाहीत. ह्याच गावच्या दारात जाऊन भंगार मागायचं असतं, उद्या दारं बंद झाली तर खायचं काय? सोमवारी येतो, हात जोडतो, पुढचं नशीब. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. अम्मीनं रविवारी माझे दोन चांगले ड्रेस धुऊन घडी करून ठेवले. कशासाठी ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पण अब्बांचं बोलणं माझ्या डोक्यातनं जाईना. विचारलं कुणीच नाही. मलाही कुणी विचारलं नव्हतं. इंगवले सरांनी नाही, मगदूम सरांनी नाही, वैजूनं नाही. एवढ्या चिठ्ठ्या पडल्या, एवढ्या रेघा मारल्या, पण दिलशाद, तू घंटा नेलीस का, असं एक माणूस म्हणालं नव्हतं.

सोमवारी अब्बा इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसच्या बाहेर उभे राहिले. आत सचिव पाटणे आलेले होते. त्यांना बसायला खुर्ची, अब्बांना भिंत. मी वर्गात गेले. पहिला तास मगदूम सरांचा. फळा शनिवारपासून कुणी पुसला नव्हता. माझं नाव आणि पुढं त्या रेघा, सगळं तसंच. सर फळ्याकडं पाठ करून पुस्तक काढत होते, पान काही त्यांना सापडत नव्हतं.

मी उभी राहिले. बाकाची कड धरली.

"सर, मला कुणी विचारलंच न्हाई."

सुहास मागनं म्हणाला की मतदान झालंय, आता परत काय? एकदोघं हसले.

सरांनी पुस्तक मिटलं. "काय विचारलं नाही?"

"घंटा मी नेली का, हे. मला विचारा."

सर माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता बस खाली म्हणतील. ते टेबलाच्या पुढं आले.

"दिलशाद, घंटा तू नेलीस?"

"न्हाई सर. मी स्टुलावर ठेवली आणि घरी गेले."

सर वर्गाकडं वळले. हिला घंटा नेताना ज्यांनी बघितलं त्यांनी हात वर करा, म्हणाले. एकही हात वर आला नाही. सुहास उठला आणि सांगायला लागला की सगळ्यांना माहीत आहे, तिचे वडील भंगार घेतात. सरांनी त्याला मध्येच थांबवलं आणि विचारलं, तू बघितलंस का. सुहास नाही म्हणाला आणि बसला. मग सरांनी डस्टर घेतलं आणि फळा पुसला, अगदी कोपऱ्यापर्यंत. मला म्हणाले, चल माझ्याबरोबर.

ऑफिसात टेबलावर दाखल्याचं पुस्तक उघडून ठेवलेलं होतं. अब्बांना आत बोलावलं होतं आणि ते हात जोडून उभे होते. मगदूम सर आत शिरले आणि उभ्या उभ्याच म्हणाले की दाखला देऊ नका. पाळी माझ्या वर्गाची होती, वर्गाला जबाबदार मी. घंटा माझ्या ताब्यातनं गेली असं लिहा.

इंगवले सर आधी समजुतीनं बोलले. मगदूम, तुम्ही नवीन आहात, ह्यात पडू नका. मग म्हणाले, मतं तिला पडलीत, तुमच्याच डब्यात.

"मत घेतलं ती माझी चूक, सर," मगदूम सर म्हणाले. "ते घ्यायचा मला अधिकारच नव्हता. सहल कुठं न्यायची ते मतानं ठरतं. कुणी चोरी केली ते मतानं ठरत नाही. मी पोरांना निम्मंच शिकवलं."

पाटणे इतका वेळ पान चघळत होते. त्यांनी विचारलं, "हिनं नेली न्हाई ह्याची खात्री देता का मास्तर?"

"खात्री नेली म्हणणाऱ्यानं द्यायची."

"तुम्ही अजून कायम झालेला न्हाई, एवढं ध्यानात आहे न्हवं?"

सर म्हणाले, आहे. इंगवले सरांनी पाटण्यांकडं बघितलं, पाटण्यांनी खिडकीबाहेर बघितलं, आणि दाखल्याचं पुस्तक मिटलं गेलं. अब्बा मगदूम सरांच्या पाया पडायला वाकले, तर सरांनी त्यांना मध्येच धरलं.

मी शाळेत राहिले. पन्हाळ्यालाही गेले, एकटीच फिरले, पण गेले. घंटा काही सापडली नाही. आकड्याला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला, तो आजही आहे म्हणतात. पितळ कुणी खाल्लं देवाला माहीत. धोंडीराममामांनी नेली असेल, मीटिंगमधल्या कुणी नेली असेल, मला आजपर्यंत प्रत्येकाचा संशय येतो. आणि एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलंच. दहावी होईपर्यंत पोरं मला घंटी म्हणायची. वैजूनं दहावीच्या निरोपसमारंभालाही तिचं मत सांगितलं नाही. आणि मगदूम सरांना संस्थेनं पुढच्या वर्षी घेतलं नाही. कारण काय दिलं ते कळलं नाही, पण आम्हाला माहीत होतं. सर गेले त्या दिवशी मी दिवसभर रडले. ह्या एका माणसानं माझ्यावर विश्वास ठेवला आणि त्यापायी त्याची भाकरी गेली, हे माझ्या मनात पक्कं बसलं. पुढं कुणी मला वाईट बोललं की मी मनात म्हणायची, सरांना माहीत होतं मी नेली नाही.

आता मी बी.कॉम. होऊन भंगाराचाच धंदा करते. मिरजेच्या रस्त्याला गोदाम आहे, वजनकाटा आहे, सात माणसं कामाला आहेत. गावानं भंगारवाल्याची पोर म्हणून चोर ठरवलं, मी भंगारवालीच झाले, बोला आता. मागच्या वर्षी चिकोडीला एका बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीचं यंत्र घ्यायला गेले होते. बाजारात एका जिन्यावर मगदूम सरांच्या शिकवणीची पाटी दिसली आणि मी तशीच वर चढले.

सरांचे केस पांढरे झाले होते, पण त्यांनी मला लगेच ओळखलं. चहा मागवला. अब्बा गेल्याचं ऐकून त्यांना वाईट वाटलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मी इतक्या वर्षांचं मनातलं बोलून टाकलं.

"सर, तेव्हा तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नसता तर मी आज इचलकरंजीत कांड्या भरत असते."

सर गोंधळले. "विश्वास?" ते म्हणाले. "नाही गं. तू नेली होतीस का नव्हतीस, मला कुठं माहीत होतं?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, मी तर तुमच्या तोंडावर नाही म्हणाले होते.

"म्हणालीस. पण चोरही नाहीच म्हणतो. खरं सांगू का, त्या दिवशी मला निम्मं निम्मं वाटत होतं. तू शेवटची हात लावणारी, घरी भंगाराचा धंदा. मीही त्याच गावात राहत होतो."

मला असा राग आला की कप तसाच ठेवून मी उठले. इतकी वर्षं ह्या माणसाला मी मनात कुठं बसवलं होतं, आणि हाही इतरांसारखाच पोत्यांकडं बघत होता. मी विचारलं, मग नोकरी कशापायी घालवलीत?

"तू नेली असतीस तरी तुझं नाव तसं मतानं काढायला नको होतं," सर म्हणाले. "त्याला तू चांगली असायची काय गरज होती?"

मी उभीच होते. खाली रस्त्यावर कुणीतरी भाजीचा गाडा ओढत ओरडत चाललं होतं. अब्बांनी मला खरं मानलं, पण मी त्यांची लेक होते. हा माणूस माझा कुणी नव्हता, माझ्यावर त्याचा भरवसा नव्हता, आणि तो पोटात शंका घेऊन त्या ऑफिसात माझ्यासाठी उभा राहिला होता. राग उतरत गेला तसे माझे डोळे भरून आले, आणि ते सरांना दिसू नये म्हणून मी खिडकीकडं तोंड केलं.

"मी नेली नव्हती, सर," मी म्हणाले. "अजून शंका आहे?"

"थोडी आहे," सर म्हणाले. "असू दे की. तिच्यामुळं तुझं काय अडलं?"

मी आठवून बघितलं. खरंच काही अडलं नव्हतं.